हप्ता भावाचा थकला, प्रवेश बहिणीचा का अडवता?

नमस्कार काका,

मी सेलू तालुक्यातला, जिल्हा परभणी. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. २०२० ला बारावी झाली आणि पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश घेतला. शैक्षणिक कर्ज पाच लाख, दरवर्षी सव्वा लाख बँकेने थेट कॉलेजला भरले. पहिलं वर्ष कोरोनात गेलं. लिंबाखाली बसून मोबाईलवर लेक्चर ऐकली, फी मात्र पूर्ण लागली. आता चाकणला एका कंपनीत ठेकेदारामार्फत आहे. हातात १९ हजार येतात. खोली, मेस, येणं-जाणं वजा जाता दहा-साडेदहा हजार उरतात.

बँकेने जानेवारीपासून हप्ता लावला, ११,२००. पाच लाखांचे पावणेसात लाख कसे झाले ते मला कुणी सांगितलं नाही. तीन हप्ते ओढूनताणून भरले. मार्चअखेर आधीच्या कंपनीचं कंत्राट संपलं, दीड महिना रिकामा होतो. एप्रिल आणि मे राहिला, आता जूनची ५ तारीखही गेली. बँकेचं पत्र गावी आलं, तेही पारावर चार लोकांसमोर वडिलांच्या हातात पडलं. ते सहकर्जदार आहेत. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत.

बहीण यंदा बारावी झाली. सीईटीला ९१ पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर काढलेलं आहे. तिला कॉम्प्युटर करायचंय. वडील म्हणतात, एकाच्या शिक्षणात घर बसलं, आता दुसरं कर्ज नको, तिला सेलूलाच बी.एस्सी.ला घाला. एक ओळखीचा माणूस पुण्याच्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट मिळवून देतो म्हणतो, वर्षाला एक लाख साठ हजार. मामा म्हणतात, मोंढ्यातल्या एका आडत्याकडून तीन रुपये शेकड्याने दोन लाख उचलू. वडिलांचं मत, रस्त्याकडचा एक एकर विकून तुझं कर्ज फेडू आणि मोकळं होऊ. गावातले म्हणतात, भरूच नको, माफी येणार आहे.

मला माझ्या हप्त्यापेक्षा तिचं वाईट वाटतं. काय करू?

— चाकणमधला एक भाऊ

*

पोरा,

आधी तारीख बघ, बाकीचं नंतर.

तुझा सगळ्यात जुना न भरलेला हप्ता ५ एप्रिलचा. त्याला ४ जुलैच्या आसपास नव्वद दिवस होतात. नव्वद दिवस ओलांडले की बँकेच्या लेखी ते खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्जात जमा. हे दिवस सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात, आणि तू जे भरशील ते आधी त्या जुन्या हप्त्याला लागतं. म्हणजे जुलै उजाडायच्या आत एक हप्ता जरी भरलास तरी एप्रिलचा निघून जातो, मोजणी मेपासून सुरू होते आणि तुला महिनाभर श्वास घ्यायला मिळतो. एकदा एनपीए झाल्यावर ही सोय राहत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की, मुद्दल-व्याजाची सगळीच्या सगळी थकबाकी भरल्याशिवाय एनपीए झालेलं खातं परत नियमित दाखवता येत नाही. मग एका हप्त्याने काही हलत नाही.

तेव्हा ११,२०० रुपये उभे कर. पगारातून उचल घे, रूमवरच्या मित्राकडून हातउसने घे, या महिन्यात घरी पैसे पाठवू नको. फक्त आडत्याकडे जाऊ नको.

हे एवढं तातडीने का सांगतोय, तर तुझ्या खात्यामागे घरातली आणखी दोन माणसं उभी आहेत. वडील सहकर्जदार, म्हणजे तुझ्या थकबाकीची नोंद त्यांच्याही सिबिलवर, कर्ज देताना बँका जी पतनोंद बघतात तिच्यावर, जाते. त्यांचं पीककर्ज त्याच शाखेत असेल, तर खरिपाच्या नूतनीकरणाला साहेब हमखास आढेवेढे घेणार. आणि पीककर्ज वेळेत फिरवण्याला किंमत आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. तुझा हप्ता थकल्यामुळे वडिलांचं ते चक्र तुटलं, तर नुकसान दोन खात्यांवर होईल. तिसरी तुझी बहीण. उद्या तिच्यासाठी छोटं कर्ज लागलं तर बँक सहकर्जदाराचंच नाव आधी तपासणार. तिच्यासाठी तुला आज काही करायचं असेल तर ते हेच, ४ जुलैच्या आत भरलेली एक पावती.

आता पाचाचे पावणेसात कसे झाले. यात बँकेने काही लपवलेलं नाही, पण सांगितलंही नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. शाखेच्या खुर्चीत मीच बसायचो, त्यामुळे माहीत आहे. मंजुरीपत्रावर सही घेताना कर्जदाराच्या मागे दहा जण उभे असतात आणि समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, सरळव्याजाने. तुझा दर दहा टक्के धरू. पहिले सव्वा लाख पाच वर्षं व्याजावर होते, दुसरे चार वर्षं, तिसरे तीन, चौथे दोन. सव्वा लाखाचं वर्षाचं व्याज साडेबारा हजार, असे एकूण चौदा वेळा. झाले पावणेदोन लाख. हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवले, झाले पावणेसात. त्यावर सात वर्षांची मुदत धरली की हप्ता ११,२०० च्या आसपास येतो. तुझ्या आकड्यांशी हे जुळतंय.

पण यात एक प्रश्न राहतो, आणि बहुतेक पोरं तो शाखेत विचारतच नाहीत. वर्षाला साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९ पासून चालू आहे, सीएसआयएस. व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम, नॅक किंवा एनबीए मानांकन असलेलं कॉलेज, आणि तारण किंवा बाहेरचा जामीनदार न घेता दिलेलं कर्ज असेल, तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्या काळाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. चार एकर कोरडवाहूवाल्याचं उत्पन्न या मर्यादेच्या आतच असणार. तहसीलदारांचा दाखला तेव्हा दिला होता का? बँकेने तुझ्या नावाचा दावा पोर्टलवर टाकला होता का? नसेल, तर का नाही? हे लेखी विचार. जुन्या वर्षांचा दावा आता करता येईल का, ते बँकेच्या विभागीय कार्यालयातून लेखी उत्तर माग, काउंटरवरच्या "आता काही होत नाही" वर परत फिरू नको. हे पावणेदोन लाख आले तर तुझं कर्ज पुन्हा पाच लाखांवर येतं. दाखला तुम्हीच दिला नसेल, तर मात्र बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. पुढे चल.

खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा माग. त्यात विम्याचा हप्ता कर्जात घातलाय का ते बघ. उशिराचा दंड वेगळा दाखवलाय का तेही बघ. १ एप्रिल २०२४ पासून दंड हा दंड म्हणूनच लावावा लागतो, व्याजाच्या दरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही.

मग मुख्य मागणी, मुदत वाढवण्याची. १९ हजार पगाराच्या माणसाला ११,२०० चा हप्ता हा ठरवून थकवण्याचा प्रकार आहे. सरकारी बँका ज्या आदर्श योजनेवर शैक्षणिक कर्ज देतात, तिच्यात परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत आहे. पंधरा वर्षांवर तुझा हप्ता साधारण ७,२५० होतो. खर्च वजा जाता तुझ्याकडे दहा उरतात. जमतं.

इथे कुणीतरी शहाणा तुला सांगेल की पंधरा वर्षांत व्याज किती जातं बघ. बरोबर आहे. सात वर्षांत तू एकूण ९ लाख ४१ हजार भरले असतेस, पंधरा वर्षांत १३ लाखांवर जातात. साडेतीन लाखांहून जास्त फरक. पण पंधरा वर्षांची मुदत घेतली म्हणून पंधरा वर्षं रेटायचंच असं कुणी म्हटलंय? शैक्षणिक कर्ज लवकर फेडलं तर दंड नाही. दोन वर्षं ७,२५० भर. तोवर पगार वाढला की आपणहून ११,२०० भरायला लाग. कर्ज साडेआठ वर्षांच्या आत संपतं, आणि जास्तीचा खर्च येतो नव्वद हजारांच्या आसपास. तीन वेळा हप्ता बुडवून सिबिल घालवण्यापेक्षा हे नव्वद हजार मला स्वस्त वाटतात. फक्त जास्तीची रक्कम भरताना "मुदत कमी करा" असं लिहून दे.

त्याच आदर्श योजनेत बेरोजगारीच्या किंवा तुटपुंज्या पगाराच्या काळात हप्त्यांना स्थगिती देण्याचीही तरतूद आहे, कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणाऱ्या हप्त्यांचीही आहे. शाखेत बहुतेकांना हे आठवत नाही, म्हणून अर्जात या तिन्ही गोष्टी नावानिशी लिही. आधीच्या कंपनीचं काम संपल्याचं पत्र, आताच्या पगाराच्या पावत्या, खात्याचा उतारा जोड. मराठीत लिहिलास तरी चालतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नको. मुदत वाढवल्याची नोंद सिबिलवर दिसू शकते, ती एनपीएच्या नोंदीपेक्षा कितीतरी बरी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. वकील लागत नाही.

अजून एक, वसुलीवाल्यांचे फोन येत असतील तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला त्यांना मनाई आहे.

आता एकराचं.

विकू नका. हे मी भावनेने म्हणत नाही. साडेसात लाखांपर्यंतचं हे कर्ज विनातारण असतं. तुझ्या कागदांत गहाणखत नसेल, तर वडिलांच्या सातबाऱ्यावर या कर्जाचा बोजा चढलेला नाही. तलाठ्याकडे जायचीही गरज नाही, सातबारा मोबाईलवर काढ आणि इतर हक्काचा रकाना त्यांना वाचून दाखव. पीककर्जाचा बोजा असेल तेवढाच दिसेल. कोर्टात न जाता तारण जप्त करायची मुभा बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कक्षेबाहेर शेतजमीन आहे, त्यामुळे बँकवाला येऊन बांधावर पाटी ठोकेल ही भीती खोटी. बँक दिवाणी दावा लावू शकते, लोकअदालतीची नोटीस काढू शकते, खात्यावर होल्ड लावू शकते, आणि हे सगळं त्रासाचं आहेच. पण ते टाळायला ७,२५० चा हप्ता पुरेसा आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसाने मराठवाड्यात कित्येकांचं सोयाबीन उभ्याउभ्या सडलं, अशा वर्षानंतर विकायला निघालेल्या एकराला भाव कोण देतं? घेणारा तुमची गरज ओळखूनच येतो. चाराचे तीन एकर झाले की पीककर्जाची मर्यादाही उतरते. आणि रस्त्याकडचा तुकडा गेला की मागच्या तीन एकरांना वाट कुठून, हा पुढच्या पिढीचा खटला आत्ताच पेरून ठेवाल.

आडत्याचे तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस टक्के. दोन लाखांवर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. बहिणीची चार वर्षं होईपर्यंत २ लाख ८८ हजार व्याजात जातील आणि दोन लाख तसेच उभे राहतील. वर तुमचा माल त्याच्याच आडतीवर घालायचा, त्याच्याच काट्यावर, हे मामांनी सांगितलं नसेल. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकारालाही शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. छत्तीसवाला कायद्याबाहेरचा आहे, त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे होते. तुम्ही करणार नाही हे मला माहीत आहे. निदान उचल तरी घेऊ नका.

माफीबद्दल एकच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना काय किंवा २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती काय, दोन्ही शेतीच्या कर्जासाठी होत्या. शैक्षणिक कर्जाला त्यात जागा नव्हती. पारावर "भरू नको" म्हणणाऱ्यांपैकी कुणाच्या पोराच्या नावावर एज्युकेशन लोन आहे का, ते विचारून बघ.

आता बहिणीचं, कारण पत्राचा खरा गाभा तोच आहे.

तुझ्या वडिलांचा राग कर्जावर आहे, तो मी समजू शकतो. पण मुलाच्या वेळी पाच लाख काढून पुणे आणि मुलीच्या वेळी गावातली बी.एस्सी., हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे आणि दर वेळी त्याला नवं कारण सापडतं. या वेळी तुझा थकलेला हप्ता सापडला. बी.एस्सी. वाईट नाही. तिला हवी असती तर मीच म्हणालो असतो, घाला. पण ती भावाच्या कर्जाची शिक्षा म्हणून नको.

आणि गंमत बघ, ज्या खर्चाला वडील घाबरतायत तो बराचसा तिच्या बाबतीत नाहीच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. कॉलेज सरकारी, अनुदानित किंवा खासगी विनाअनुदानित असलं तरी चालतं. मॅनेजमेंट कोटा चालत नाही. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठंही चालत नाहीत.

ती अट पुन्हा वाच. कॅपमधून गेली तर फी शून्य. त्या ओळखीच्या माणसाच्या वाटेने गेली तर वर्षाला एक लाख साठ हजार, चार वर्षांचे सहा लाख चाळीस हजार, आणि सवलतीचा हक्कही गेला. हा माणूस तुमच्या मुलीसाठी धडपडत नाहीये. त्याला कॉलेजकडून काय मिळतं ते त्याला विचार, चेहरा बघण्यासारखा होईल.

माफ काय नाही तेही सांगतो, नाहीतर प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर धावपळ होईल. विकास शुल्क आणि किरकोळ शुल्कं भरावी लागतात. वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप आपले. काही कॉलेजं "आधी भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) आले की परत देऊ" म्हणून पूर्ण फी मागतात. सवलतीतल्या मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये अशा सूचना आहेत, तेव्हा शासन निर्णयाची प्रत छापून सोबत ठेवा आणि ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात, छत्रपती संभाजीनगरला, लेखी द्या. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी विसरलेल्या मुली मी पाहिल्यात. बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांच्या तारखा आजच तपासून घ्या. जुलैत सेतूवर काय रांग असते ते तुला सांगायला नको.

सेलूचं तुमचं एक नशीब असं की तुम्ही मनमाड–नांदेड रेल्वेवर आहात. एका बाजूला नांदेड, विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था, दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी. दोन्ही ठिकाणी नाव आहे आणि पोरगी सणाला पॅसेंजरने घरी येऊ शकते. ९१ ला तिथलं कॉम्प्युटर मिळेलच असं नाही. मागच्या वर्षांचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहेत, तिच्या प्रवर्गाचा रकाना बघून ठरवा. माझं मत विचारशील तर सरकारी कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल मी कुठल्याही विकतच्या कॉम्प्युटरच्या वर लिहीन. तिथून सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं, आणि नाही गेली तरी डोक्यावर सहा लाख नसतात. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे, घरापासून सगळ्यात जवळ. तिला शेतीशी संबंधित काही आवडत असेल तर तेही विचारात घ्या. निर्णय तिचा.

राहण्या-जेवण्याला नांदेडसारख्या ठिकाणी वर्षाला साठ-सत्तर हजार धरा. आधी कॉलेजचं मुलींचं वसतिगृह, मग ओबीसी मुलींचं शासकीय वसतिगृह, आणि तिथे नंबर लागला नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तीच मुळात वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात देण्यासाठी आहे. यातलं काहीच जमलं नाही, तरच कर्ज, आणि तेही फक्त राहण्या-जेवणापुरतं. चार लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा, एकाच अर्जावर तीन बँका निवडता येतात. कॉलेज पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत असलं तर तिथूनही अर्ज करता येतो, त्यात तारणही नाही आणि जामीनदारही नाही. साडेचार लाखांच्या आतल्या घराला वर सांगितलेलं व्याज अनुदान आहेच. या वेळी उत्पन्नाचा दाखला पहिल्या दिवशी द्या आणि पोच घ्या.

सहकर्जदार म्हणून आईचं नाव लाव. आई-वडिलांपैकी कुणीही चालतं, आणि तिच्या नावावर काही थकलेलं नसेल. शाखेने तरी वडिलांच्या सिबिलवरून अर्ज फेटाळला, तर नकार लेखी माग. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय की, केवळ कमी सिबिल स्कोअर आहे म्हणून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण अर्जात नमूद केला की साहेब फाइल वरच्या कार्यालयात पाठवताना दोनदा वाचतात. तिथेही अडलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला भेटा.

कॅपचा अर्ज तिने स्वतः भरावा. नेट कॅफेवाल्याने भरला तरी पासवर्ड आणि ओटीपी तिच्याच मोबाईलवर. पसंतीक्रमात पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज पहिल्या फेरीत मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, मग "चुकून लिहिलं" चालत नाही. असे कॅफेवाले मला माहीत आहेत जे शेजारच्या खासगी कॉलेजचं नाव वर टाकून देतात आणि कमिशन घेतात.

राहिले वडील. तू विचारलं नाहीस, पण पत्रात सगळ्यात जास्त तेच आहेत. मुदत वाढवायच्या कागदावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही लागणार, तेव्हा त्यांना टाळून हे होणार नाही. फोनवर समजावत बसू नको. सुट्टी टाकून एक दिवस गावी ये. कोऱ्या कागदावर चारच आकडे लिहून ने: आज बाकी किती, नवा हप्ता किती, तो कोणत्या तारखेला तुझ्या पगारातून आपोआप कापला जाणार, आणि बहिणीची फी शून्य. त्यांना शिकलेल्या पोराचं भाषण नकोय, हप्ता पुन्हा पारावर येणार नाही एवढी खात्री हवीय. ती द्यायची तर आधी एप्रिलचा हप्ता भरलेली पावती खिशात घेऊनच ये.

शाखेत तिघं जा, बहिणीलाही घे. तिने काउंटरपलीकडचं बोलणं ऐकावं, उद्या तिलाच सही करायची आहे. सोमवार आणि बाजाराचा दिवस सोडून जा, पीककर्जाची गर्दी असते. अकराच्या आत पोचा, दुपारनंतर साहेब मीटिंगला गेलेले असतात.